पाचवा पडदा

भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, अख्खं गाव श्वास रोखून बसलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? ती वात जरा वर करा, सांगते. आता घाबरायचं कारण नाही, ते सगळं संपलं. निदान मी तरी तसंच म्हणते.

आमचा राजवाडा टेकडीवर आणि गाव त्याच्या पायथ्याशी. राजवाड्यात रात्रभर मैफली चालायच्या. दिवे, वाद्यं, गाड्यांची ये-जा. त्या आवाजात आम्हाला झोप लागायची नाही, पण आमची झोप कोण विचारतो. महाराज पहाटे निजायचे आणि दुपारी पुन्हा दोन तास. त्या दोन तासांसाठी मनोऱ्यावर पांढरं निशाण चढायचं. निशाण दिसलं की लोहाराने हातोडा खाली ठेवायचा, गाडीवाल्याने असेल तिथे घोडा सोडायचा, शाळेतल्या मुलांनी बाकावर डोकं टेकायचं. विहिरीचा रहाट बंद. कुत्री सकाळीच गावाबाहेर नेऊन बांधलेली असायची.

माझ्या सासऱ्यांना घोरायची सवय होती, म्हणून त्यांना दुपारी डोळा मिटायची मनाई होती. सासूबाई समोर बसून त्यांना पंख्याच्या दांडीने टोचायच्या. "राजा निजावा म्हणून मी जागा," ते कुजबुजायचे, "माझ्यासारखा चाकर राजवाड्यातही नसेल." आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. हसण्याचाही आवाज होतोच.

लोकरीच्या जाड तळव्यांचे जोडे घातलेले पहारेकरी गल्ल्यांतून फिरायचे. त्यांना आम्ही बोके म्हणायचो. ज्या घरातून आवाज आला, त्या घरचा पुरुष दगडाच्या खाणीत जायचा. खाणीतून परत आलेले मी दोघेच पाहिले. त्यातला एक काही बोलायचा नाही आणि दुसरा फार दिवस जगला नाही.

मोठ्यांचं एक वेळ ठीक. तान्ह्या बाळाला निशाण कळत नाही.

म्हणून आमच्याकडे आई लेकीला आणि सासू सुनेला एक गोष्ट शिकवायची. माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. बाळ पाच आठवड्यांचं झालं होतं, आणि नेमकं निशाण चढायच्या सुमारास त्याच्या पोटात दुखायचं. सासरे तोवर गेले होते, घरात पुरुष म्हणजे एकटा माझा नवरा, गुडघ्यांनी अधू झालेला. खाणीत तो आठवडाभरही टिकला नसता.

त्या दिवशी सकाळी राजवाड्याचं बोलावणं आलं. मी पडदे शिवणारी, माझी आईही तेच करायची. महाराजांच्या शयनघराच्या खिडकीला चार पडदे होते, आता पाचवा हवा होता. मी पिशवीत मापाची फीत, खडू, टाचण्या भरत होते, तेव्हा लेक बाळाला घेऊन पुढ्यात येऊन बसली.

"आई, हात कसा धरायचा, परत दाखव ना."

मी दाखवलं. "तळवा टेकवायचा नाही. दोन बोटं, बस. नाक मोकळं ठेवायचं. आणि छातीशी घट्ट धर, म्हणजे आवाज आत राहतो."

"किती वेळ?"

"निशाण उतरेपर्यंत."

"आणि नाक झाकलं गेलं तर?"

"लक्ष ठेवलं की नाही झाकलं जात," मी म्हणाले.

मी खोटं बोलले. माझं पहिलं बाळ बावीस वर्षांपूर्वी गेलं. दात येत होते त्याला. निशाण वर होतं आणि आमच्या खिडकीशी बोका उभा होता, त्याची सावली माझ्या पायांवर पडली होती. मी दोन बोटंच ठेवली होती. सगळं लक्ष त्या सावलीकडे होतं. निशाण उतरलं, रहाट सुरू झाला, मी हात काढला, आणि बाळ तसंच गप्प राहिलं. सासूबाईंनी त्याला माझ्याकडून घेतलं, पाहिलं आणि म्हणाल्या, "ताप होता. कोणी विचारलं तर ताप." राजवाड्यातून आणलेला निळ्या मखमलीचा एक उरलेला तुकडा घरात होता. त्यात गुंडाळून त्याला पुरलं. शेजारणी आल्या. मी ताप म्हटलं आणि त्यांनी लगेच माना हलवल्या. एकीनेही विचारलं नाही, कधीपासून होता.

त्याच्या रडण्याला एक खोड होती. प्रत्येक रडण्याच्या टोकाला एक उचकी, शिवणीच्या शेवटी गाठ मारावी तशी.

निशाण चढायच्या थोडं आधी मी राजवाड्यात पोचले. कारभाऱ्यांनी मला मागच्या जिन्याने वर नेलं. चांगला गुबगुबीत माणूस, पण आठवड्यात उतरला होता.

"महाराज सात दिवस निजलेले नाहीत," ते पायरीवर थांबून पुटपुटले. "त्यांना... रडणं ऐकू येतं."

"कुणाचं?"

"तेच तर. बोक्यांनी घरन् घर पाहिलं. सगळी बाळं गप्प आहेत." इतक्या वर्षांत कारभाऱ्यांच्या तोंडून मी बोके हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही माप घ्या आणि निघा, बाई. काही ऐकू आलं तर ऐकू आलं नाही असं म्हणा."

शयनघरात अंधार होता. बंद खोलीला येतो तसा मेणाचा, जुन्या लाकडाचा, निजलेल्या माणसाचा वास होता. पण त्याखाली आणखी एक वास होता. तो ओळखायला मला वेळ लागला नाही. ओकलेल्या दुधाचा, तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळीत असतो तो.

महाराज पलंगाच्या कडेवर बसले होते. नाण्यावरचा त्यांचा चेहरा मी लहानपणापासून पाहिला होता. हा माणूस त्याच्याहून फार म्हातारा होता. पाय जमिनीला पुरत नव्हते. मी वाकून नमस्कार केला आणि खिडकीकडे गेले. बाहेर निशाण चढलं असावं, कारण गाव एकाएकी बंद झालं. कान दुखावेत अशी ती शांतता.

आणि मग ते सुरू झालं.

आधी अगदी बारीक. दुसऱ्या तिसऱ्या पडद्याच्या मधून कुठून तरी. मग जरा मोठं. श्वास घेणं, थांबणं, पुन्हा रडणं. आणि टोकाला उचकी.

माझ्या हातातली फीत खाली पडली.

"तुलाही ऐकू येतं," महाराज हळूच म्हणाले. ते विचारत नव्हते.

"नाही महाराज."

"येतं. तुझा चेहरा दिसतोय मला." त्यांनी पडद्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कारभारी सांगायचा, गावातली बाळं रडतच नाहीत. मला वाटायचं, गरिबांची मुलं समजूतदार असतात."

मी वाकून फीत उचलली.

"त्याला गप्प कर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तुम्हा बायकांना येतं ना ते."

मी पडद्यांच्या आत शिरले. सांगितलेलं ऐकायची सवय, दुसरं काय. मखमलीच्या दोन थरांमध्ये हात चाचपत गेले. अंधार इतका की डोळे उघडे असून काही फरक पडत नव्हता. छातीच्या उंचीवर कापडाला एक झोळ पडला होता. झोळीत मूल असलं की कापड जसं खाली ताणलं जातं, तसं ते ताणलेलं होतं. मी खालून हात लावला. ऊब होती. वजनही होतं.

हाताला सवय असते हो. बावीस वर्षं झाली तरी माझी दोन बोटं आपोआप पुढे गेली. त्यांना ओले ओठ लागले. हिरड्या लागल्या, त्यात एक दात, तांदळाच्या दाण्याएवढा.

मला नाक सापडलं नाही. मी शोधत होते, मोकळं ठेवायला, आणि ते सापडेना. तेव्हा मी हात मागे घेतला.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?" बाहेरून महाराजांनी विचारलं.

"गप्प नाही करायचं."

चारही पडदे वरच्या पट्टीला एकाच दुहेरी दोऱ्याने जोडलेले होते. धुवायला काढायचे झाले तर एक गाठ सोडायची आणि दोरा ओढायचा, की सगळं एकदम खाली. ती गाठ कुठे आहे हे माझ्या आईला ठाऊक होतं आणि मला. मी स्टुलावर चढले आणि दोरा ओढला. एवढी मखमल कोसळली की खोली हादरली. धूळ उडाली, ऊन आत आलं. महाराजांनी डोळ्यांवर हात धरले. खाली पडलेल्या ढिगात काही नव्हतं. मी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. पण रडणं थांबलं नव्हतं. मी खिडकी उघडली तसं ते माझ्या खांद्यावरून बाहेर गेलं, आणि खाली त्या मुक्या गावात घरोघर पोचलं.

मला वरून सगळं दिसत होतं. पहिलं दार परटिणीचं उघडलं. मग लोहाराच्या बायकोचं. मग सुईणीचं, पाठीत वाकलेली ती म्हातारी. निशाण वर असताना बायका रस्त्यावर आल्या होत्या. स्वतःचं मूल कुठे रडतंय हे शोधताना बाई जशी मान कलती करून उभी राहते, तशा सगळ्या उभ्या होत्या. तोवर प्रत्येकीला वाटत असावं, आवाज आपल्याच घरातला, आपल्याच दोषाचा. चौकात त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. नंतर परटिणीने मला तिथलं बोलणं सांगितलं. ती म्हणाली होती, "माझं आहे ते." लोहाराची बायको म्हणाली, "नाही, माझं आहे." सुईण म्हणाली, "माझी तीन आहेत त्यात." मग कोणीतरी विचारलं, "तुझं तर तापानं गेलं ना?" आणि त्या सगळ्या आवाजाच्या दिशेने टेकडी चढू लागल्या.

माझी लेकही होती. बाळ तिच्या दोन्ही हातांवर होतं, तोंड उघडं टाकून रडत होतं, आणि तिचं एकही बोट त्याच्या तोंडावर नव्हतं.

राजवाड्याच्या फाटकावर एक तरुण बोका होता. त्याची आई गर्दीतून पुढे गेली. "तुझ्या आधी एक होता," ती त्याला म्हणाली. "तापानं नाही गेला तो." त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून जोडे काढले, बाजूला नीट ठेवले आणि अनवाणी पायांनी जाऊन फाटक उघडलं. त्याच वेळी गावात लोहाराने ऐरणीवर घण घातला. निशाण वरच होतं.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. चौक्या जळाल्या. खाणीचे दरवाजे फुटले. माणसं मेली, दोन्हीकडची. शाळेच्या पुस्तकात लिहितात, धान्य महागलं, कर वाढले, म्हणून लोक उठले. असेल, तेही खरं असेल. पण उपाशी तर आम्ही माझ्या आजीपासून होतो.

महाराजांना कोणी हात लावला नाही. सकाळी सगळ्यांसमोर त्यांना गेलेल्या बाळांचं एक एक नाव सांगायचं, असं ठरलं होतं. कारभाऱ्यांनी शयनघराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि मागच्या जिन्याने गेले ते कायमचे. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं, आणि खिडकीखाली सरळ कडा होता. आम्ही बायका रात्रभर अंगणात बसून होतो. किल्ली माझ्या कमरेला होती. वरून रडणं ऐकू येत होतं. पहाटे, महाराज एरवी निजायचे त्या वेळेला, ते थांबलं.

"निजलं वाटतं," सुईण म्हणाली.

कोण, ते तिला कोणी विचारलं नाही.

उजाडल्यावर मी कुलूप उघडलं. महाराज पलंगावर निजले होते, गळ्यापर्यंत मखमल ओढून. अंग गार पडलं होतं. ओठांवर दोन बोटांचा निळा ठसा होता. माप घ्यायला मला फीत लागत नाही. त्यातलं एकेक बोट माझ्या करंगळीच्या नखाहून रुंद नव्हतं. नाक मोकळं ठेवलेलं होतं. वैद्य आले, त्यांनी पाहिलं, पुन्हा वाकून पाहिलं. मग अंगणात येऊन म्हणाले, "ताप होता." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.