तिसरा नमुना

गिऱ्हाइकापुढे बोधचिन्हाचे तीन नमुने ठेवायचे, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. पहिला मनापासून केलेला, दुसरा बरा, आणि तिसरा मुद्दाम फसलेला. या तिसऱ्याला तो 'बकरा' म्हणायचा. गिऱ्हाइकाला काहीतरी नापसंत केल्याचं समाधान लागतं. ते बकऱ्यावर भागलं, की पहिला नमुना बिनबोभाट पास होतो. आजवर ही युक्ती कधी चुकली नव्हती.

दुकानांच्या पाट्या आणि व्हिजिटिंग कार्डं करता करता उमेद संपत आली असताना दोरा बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम चालून आलं. घराघरातल्या शिवणाच्या डब्यात आपलं चित्र जाणार, या विचारानेच स्वारी हुरळून गेली. पहिल्या दोन नमुन्यांवर त्याने महिनाभर जीव टाकला. दाखवायला न्यायच्या दिवशी सकाळी ध्यानात आलं, की बकरा राहूनच गेलाय. समोर ताई मशीनवर बसली होती. त्याने कागद ओढला आणि दहा मिनिटांत तिला उरकलं.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहू दिलं, आणि आता घराच्या बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवत होती. शिवणात मोठी काटेकोर. कापडावर खडूने खूण केल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे. "एकदा कापलं की मग मी काय करणार, बाळ्या?" म्हणायची. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

चित्रात ती एका बाजूने दिसत होती. सुईत दोरा ओवणारा हात, नाकावर घसरलेला चष्मा, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू, कान, हनुवटीवरचा व्रण. बाळ्याला कडेवर घेऊन ती जिन्यावरून पडली होती, तेव्हाचा तो व्रण. बाळ्याला तेव्हा साधं खरचटलंही नव्हतं.

कंपनीचे साहेब हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. पहिले दोन नमुने त्यांनी बाजूला सारले आणि बकरा उचलला.

"हा."

"साहेब, यात रेषा फार आहेत," तो घाईने म्हणाला. "रिळाच्या टोकावर नखाएवढं चिकटवायचंय. सगळी गिचमिड होईल."

"मग कमी करू या की."

साहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि चष्म्यावर एक, व्रणावर एक अशा दोन बारीक फुल्या मारल्या. घरी येऊन त्याने दोन्ही रेषा पुसल्या. खरं सांगायचं तर चित्र सुधारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बिनचष्म्याने सुई ओवत होती.

"लागतच नाहीये रे चष्मा! सकाळपासून सगळं लख्ख दिसतंय." ती लहान मुलीसारखी खूश होती.

त्यालाही बरं वाटलं. मग खिडकीतल्या उजेडात तिची हनुवटी दिसली. कातडी गुळगुळीत होती.

"ताई, तुझा व्रण कुठे गेला?"

"कसला व्रण?" ताई म्हणाली. "मला कधी होता?"

त्याने तिची हनुवटी बोटाने चाचपून पाहिली. पण माणूस स्वतःची समजूत फार पटकन घालतो. म्हातारपणी विसरायला होतं, उजेडाचा खेळ असतो, असं म्हणून तो कामाला लागला.

पुढच्या खेपेला फुल्या हसण्यावर आणि कानावर पडल्या.

"हसू काढलं तर बाई रागीट दिसेल, साहेब."

"दिसू दे. दोरा मजबूत वाटला पाहिजे."

त्याने हसू पुसलं, कान पुसला. जेवताना त्याने शेजारच्या वकिलाची नक्कल केली. त्या नकलेवर ताई दरवेळी ठसका लागेपर्यंत हसायची. आज ती ताटाकडे बघत राहिली. त्याने तिच्या पाठीमागे पातेलं आपटलं. ती वळली नाही. जवळ जाऊन त्याने तिचे केस बाजूला केले, तर कान असायचा तिथे हनुवटीसारखीच गुळगुळीत कातडी होती.

त्याने धावत जाऊन कॉम्प्युटरवरची जुनी फाइल उघडली, कान होता तसा परत बसवला, चार वेळा छापला. बाहेर येऊन हाका मारल्या. ताई खाली मान घालून शिवत होती.

"बाळ्या," ती एकदम म्हणाली. आता ती फार मोठ्याने बोलत होती. "तू करतोयस का रे काही?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने काठ दुमडायला घेतला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

काम सोडायचं, असं ठरवूनच तो तिसऱ्यांदा गेला. साहेबांच्या टेबलावर पहिली रिळं मांडून ठेवली होती. त्यांच्या टोकांवर पांढरी गोल जागा कोरी होती.

"बाई बऱ्या आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

चित्र कोणाचं, हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

"आहेत," तो म्हणाला.

"अजून गिचमिड आहे. चेहरा ठेवू किंवा हात. या वेळी फुली तुम्हीच मारा. नसेल जमत तर दुसऱ्या कोणाला तरी बोलावतो."

लाल पेन्सिल त्याच्या हातात आली. आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणीतरी करणारच, हे त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते निमित्त आहे, हेही त्याला कळत होतं.

मग त्याने मान तिरकी केली आणि चित्राकडे नीट पाहिलं.

हात सरस होता. बोटांची वळणं थेट दोऱ्यात उतरत होती. इतकं नितळ काम त्याच्याकडून जन्मात झालं नव्हतं.

त्याने चेहऱ्यावर फुली मारली.

घराचा जिना चढताना मशीनचा आवाज ऐकू आला. त्याचा जीव भांड्यात पडला.

कापड सुईखाली सरकत होतं. ते सरकवणारा हात ताईचाच होता, बोटातल्या अंगुस्तानासकट. मनगटाच्या वर त्याने नजर नेली नाही.

तो गुडघ्यांवर बसला. "ताई, चुकलो गं," म्हणाला. ऐकायला कोण होतं?

मशीन थांबलं.

हात चाचपडत त्याच्या डोक्यावर आला. केसांतून फिरला, लहानपणी फिरायचा तसा. मग कपाळ, नाक, हनुवटी. तो हमसाहमशी रडायला लागला. ताईने माफ केलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

हात मागे गेला. मशीनच्या फळीवर काहीतरी शोधू लागला.

परत आला तेव्हा बोटांत खडू होता.

त्याच्या उजव्या कानाभोवती तो हळूहळू फिरला, टोकं जुळेपर्यंत.