माझी बारा मिनिटं

"आधी तुम्ही बोला ना डॉक्टर, मला कुठे घाई आहे!"

एवढं एकच वाक्य मी बोलले, आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

डॉन्कास्टरच्या हॉलच्या दारात आम्ही दोघं एकदमच पोचलो होतो. बाहेर मेलबर्नचा सप्टेंबरातला तिरपा पाऊस… माझी छत्री उलटी झालेली, आणि हा उंच माणूस छत्रीबित्री काही न घेता, केसांतून पाणी निथळत, पाठीने दार उघडं धरून उभा. हसला तेव्हा त्याच्या एका गालाला खळी पडली. ती मला दिसली, हे आधीच कबूल करते. पुढे मी त्याच्याविषयी जे बोलणार आहे, त्यात तिची भीड नको.

"इराणी डॉक्टरांची सभा इथेच ना? मी बर्दिया. माझं भाषण दुसरं आहे. तुझं?"

तू! पहिल्याच भेटीत! हा इथल्याच जिलाँग शहरात जन्मलेला, फारसी फक्त आजीकडून शिकलेला, म्हणून सगळ्या जगालाच 'तू' म्हणतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा कान तापले, एवढं खरं.

"पहिलं," मी म्हणाले. "मी गोलनार रूदबारी."

"मला सातला निघावंच लागेल गं… पाच तासांचा रस्ता आहे." त्याने घड्याळाकडे बघितलं. आणि मी ते वाक्य बोलून गेले.

आता, आमच्यातल्या कुणालाही अशा वेळी काय करायचं ते ठाऊक असतं. समोरच्याने 'छे छे, भलतंच' म्हणायचं. मी 'नाही हो, तुम्हीच' म्हणायचं. त्याने 'शक्यच नाही' म्हणायचं. असं तीनदा झालं की मी लाजत लाजत आत जाऊन माझं भाषण करायचं. याला आम्ही तारुफ म्हणतो. तीनदा नको म्हटल्याशिवाय आमच्यात कुणी साधा चहासुद्धा घेत नाही.

तो म्हणाला, "खरंच? फार बरं झालं!" आणि तडक माइकपाशी गेला.

इराणमधल्या रश्तच्या बालरुग्ण विभागात मी आठ वर्षं काढली आहेत. इथे आल्यावर इथल्या डॉक्टरकीच्या दोन्ही परीक्षा पास झाले. पण कुणातरी वरिष्ठाच्या देखरेखीखाली एक वर्ष काम केल्याशिवाय पूर्ण मान्यता नाही, आणि असं काम मला दीड वर्षात एकाही हॉस्पिटलने दिलेलं नाही. मी बॉक्स हिलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आमच्या संघटनेच्या पत्रिकेवर सगळ्यांच्या नावामागे 'डॉक्टर' असतं, माझ्या नावामागे 'खानूम', म्हणजे नुसतंच 'बाई'. अध्यक्ष मोहताशेम, सत्तरीचे कान-नाक-घसावाले, प्रत्येक वेळी म्हणतात, "नोकरी लागू दे पोरी, मग छापू!" आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत हेलन बसल्या होत्या. मरे नावाच्या नदीकाठच्या गावातल्या हॉस्पिटलच्या बालरोगप्रमुख. त्यांना हाताखाली डॉक्टर हवा होता. मला बारा मिनिटं मिळणार होती, आणि त्या बारा मिनिटांसाठी मी तीन आठवडे आरशासमोर बोलत होते.

बर्दिया मुलांच्या सायकल-अपघातांवर बोलला. चाळीस मिनिटं!

मग मोहताशेम उठले. "मंडळी, पुलाव निवतोय! गोलनार-जान, तुझं पुढच्या वेळी. चालेल ना?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. "चालेल की," मी म्हणाले. जीभ झडली कशी नाही माझी!

आणि पुलाव कसला, तर शेपू घातलेला बाकल्याचा. बाकला म्हणजे घेवड्यासारखी शेंग, तिचे हिरवेगार दाणे! माझं भाषण नेमकं त्यांच्यावरच होतं. माझा विषय सगळ्यांनी चवीने खाल्ला, ऐकला कुणीच नाही.

तो मला पार्किंगमध्ये सापडला. हातात पुलावाचा डबा. गाडीत हेलन आधीच बसलेल्या. हा त्यांच्याच हॉस्पिटलात काम करतो, आणि त्यांनाही हाच परत घेऊन चालला होता. माझा उरलासुरला धीर सुटला.

"अरे, गोलनार! तुझे आभार मानायचे—"

"आभार? माझी बारा मिनिटं लाटलीत तुम्ही!"

"पण तूच तर म्हणालीस…"

"म्हणाले! तसं म्हणायचंच असतं! तुम्ही नाही म्हणायचं असतं! तीनदा!"

तो पावसात भिजत खरोखर विचार करू लागला. "म्हणजे तू बोललीस ते तुला नको होतं, आणि ते मला आपोआप कळायला हवं होतं?"

"हो!"

"मग हवं असेल ते 'हवं' असं का नाही म्हणायचं?"

त्यावर मी आणखीच भडकले. "त्या डब्यात काय आहे ठाऊक आहे? काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. त्यांनी ताजे बाकले खाल्ले, की दोन दिवसांत पोर पिवळं पडतं, लघवी काळसर लाल होते. तुमच्या वॉर्डात असं पोर आलं, तर काय खाल्लं ते विचाराल? नाही विचारणार! तेच सांगायला आले होते मी!"

त्याची खळी कुठल्या कुठे गेली. त्याने खिशातून पेन काढलं, डब्याचं झाकण पुढे केलं. "नंबर दे."

"कशाला?"

"मला कळत नाही ते विचारायला. आणि… मला बरंच कळत नाही, असं दिसतंय."

मी रागारागाने नंबर लिहिला. अक्षर मात्र नीट काढलं.

ऑक्टोबरात, जेवणाच्या सुट्टीत बर्दियाचा फोन आला. "गोलनार, चार वर्षांचं पोर आहे. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. सगळे काविळीच्या मागे लागलेत. मी आईला विचारलं, काय खाल्लं? इटालियन आजोबांच्या परसातले कच्चे बाकले, वाटीभर! आता पुढे?"

कुठली तपासणी करायची, कुठली औषधं चुकूनही द्यायची नाहीत, रक्त कधी द्यायचं, सगळं मी एका दमात सांगितलं. पाचव्या दिवशी पोर उड्या मारत घरी गेलं. बर्दियाने ते सांगायला फोन केला, मग दुसऱ्या दिवशी उगीचच केला, आणि तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊनच बसले होते.

"शेजारच्या इराणी खानूम फाटकात म्हणाल्या, 'या ना, चहा घेऊन जा.' मी गेलो आत," तो सांगायचा. "त्यांच्या डोक्याला मेंदी थापलेली! आता माझ्याशी बोलत नाहीत."

"बरं करतात! तीनदा, बर्दिया, तीनदा! किती वेळा सांगू?"

"तू चिडलीस की फार छान सांगतेस… आणखी एकदा सांग."

मी फोन ठेवायची. आणि तो परत करेपर्यंत पाच मिनिटं कशी जायची, ते माझं मला ठाऊक.

डिसेंबरात यल्दाची सभा आली. वर्षातली सगळ्यात लांब रात्र आम्ही इथे वर्षातल्या सगळ्यात लांब दिवशी साजरी करतो, घाम पुसत! डाळिंबं परदेशातून आलेली, कलिंगडं इथली. हेलन पुन्हा आल्या होत्या, यावेळी खास बाकल्यांचं ऐकायला. आणि पत्रिकेवर? 'खानूम गोलनार रूदबारी.' माझ्या अंगाची लाही झाली.

माझी पाळी आली, तसे मोहताशेम माइकवर हसत म्हणाले, "आपल्या दंतवैद्य मित्रांना तुर्कस्तानच्या सहलीचे फोटो दाखवायचेत. गोलनार-जान समजूतदार आहे, घरचीच आहे. तू आपली जागा देशील ना, पोरी?"

माझ्या तोंडात 'अवश्य, माझी काय मेलीची घाई' तयार होतं. जन्मभराची सवय! समोर बर्दिया बसला होता. त्याने फक्त मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलं.

"नाही," मी म्हणाले.

कलिंगडाचे चमचे थांबले.

"नाही, अध्यक्षसाहेब. जागा माझी आहे, मी देणार नाही. आणि आठ वर्षं मी पोरांना मरणाच्या दारातून ओढून आणलंय, ते काय खानूम म्हणून? मी डॉक्टर आहे. तसं म्हणून मला बोलवा, म्हणजे मी येते."

मोहताशेम लाल झाले, त्यांनी घसा खाकरला. अख्खी सभा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ते पुटपुटले, "डॉक्टर… डॉक्टर गोलनार रूदबारी."

मी बारा मिनिटं बोलले. बरोबर बारा! हेलननी तीन प्रश्न विचारले, आणि चौथा असा, "फेब्रुवारीत माझ्याकडे रुजू व्हाल?"

'माझी लायकी कुठे' म्हणायची आमची रीत आहे. मी म्हटलं, "होईन."

बाहेर आले तर आठ वाजूनही ऊन होतं. मागून बर्दिया आला, हातात चुरगळलेला कागद.

"गोलनार खानूम… आपल्याला… म्हणजे तुम्हाला…"

"तुम्ही?" मला हसूच फुटलं. "हे कुणी शिकवलं?"

"आजीने. गप्प बस, विसरेन मी." त्याने कागदात बघितलं, मग कागद खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. गालावरची खळी यायचं की नाही या विचारात पडली होती. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. त्या पार्किंगपासून. माझ्याशी लग्न कराल?"

"हो," मी म्हणाले.

तो गोंधळला. "अगं, असं नाही! आता तू 'छे, भलतंच' म्हणायचं, मग मी पुन्हा विचारायचं… तीनदा! तूच तर शिकवलंस!"

"मला हवंय, म्हणून 'हो' म्हटलं. हे तू शिकवलंस."

"पण मी आणखी दोन वाक्यं पाठ केली आहेत… रात्र रात्र जागून!"

मी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि तो हात माझ्या हातात धरला.

"मग म्हण ना. दोन्ही वेळा 'हो'च म्हणणार आहे मी."