बाबांच्या पानावरची क्वार्टर

"आधार दाखवा," काउंटरमागचा माणूस म्हणाला.

दारूच्या दुकानासमोरच्या त्या लांबलचक रांगेत नयन एकटीच बाई. पुढच्यांनी माना वळवून बघून घेतलं होतं, मागच्यांनी वाकून. उद्या दोन ऑक्टोबर, ड्राय डे, म्हणून निम्मी डोंबिवली आजच रांगेला लागलेली. आणि नेमकी उद्याच सर्वपित्री अमावस्या! बाबांच्या पानावर वडे, खीर, भाजी आणि कडेला रमचा छोटा पेला, ही घरची रीत. गेल्या वर्षी चुलत्याने बाटली आणलेली. यंदा तो मुलाकडे, नाशिकला.

"चोवीस," माणसाने कार्ड परत सरकवलं. "रमला पंचवीस पूर्ण लागतात. बिअर न्या, बिअरला एकवीस चालतं."

"माझ्या बाबांनी जन्मात बिअरला हात नाही लावला. घोड्याचं मूत म्हणायचे."

रांग खदखदून हसली. नयनने काउंटरवर हात आपटला.

"कारखान्यात स्पिरिटचं अख्खं पिंप माझ्या सहीने उघडतं. मत द्यायला मी मोठी, लग्नाला मोठी. बाबांना अग्नी मी दिला, तेव्हा कुणी आधार नाही मागितलं! आणि त्यांच्या पानावर घोटभर ठेवायला मी लहान?"

हसू विरलं. माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, लायसन्स जाईल हो माझं."

ती वळली. कानांच्या पाळ्या तापलेल्या.

"गोव्यात असतात तर एव्हाना घेऊन घरी पोचला असतात," मागचा तरुण पुटपुटला.

"मी गोव्यात नाही. डोंबिवलीत आहे."

"तेच तर दुखणं आहे ना! तिकडे एकवीसला मिळते. राजस्थानात अठराला. गुजरातेत मात्र आजोबासुद्धा लहानच."

"तुम्ही काय दारूचे मास्तर?"

"दुकानांचे कूलर बसवतो. राज्याराज्यांत फिरावं लागतं. मी ऋतुराज."

"मग त्या राज्यांना सांगा," नयन त्याच्यावरच घसरली, "एकच पोरगी हद्द ओलांडली की मोठी, परत आली की कुकुलं बाळ! लाज नाही वाटत?"

"मला वाटते. पण कायदा मी नाही केला हो..." त्याने इतके मनापासून हात जोडले, की तिच्या रागाला क्षणभर ठेच लागली.

"वडिलांचं वय?" त्याने विचारलं.

"अठ्ठावन्न... होतं."

त्याची नजर खाली गेली. "मग रम त्यांची. मला पंचवीस कधीच झाली, मी विकत घेतो, उद्या मीच घेऊन येतो. तुमच्या हातात बाटली देतच नाही."

"आणि नाही आलात तर? उद्या कुठून आणू मी?"

"तर माझ्या माघारी माझ्या पानावर पाणीसुद्धा ठेवू नका."

तिने पत्ता सांगितला. सांगतानासुद्धा फणकाऱ्यानेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर पान मांडलं. कावळा शेजारच्या टाकीवर बसून नुसता बघत होता. वड्याकडे फिरकेना. नयनची आई आवडाबाई कठड्याशी उभी. आणि मंदाकिनीआत्या बोलायला टपलेली. नयनचा जीव वर-खाली. विश्वास टाकला तोही कुणावर, रांगेतल्या परक्यावर!

जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला.

"सॉरी... शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेलो." ऋतुराज घामाने चिंब. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी.

"पोरीच्या जातीनं दारूच्या लायनीत उभं रावाचं," आत्या कडाडली, "नि परका पोऱ्या बाटली घेऊन येवाचा! दादाचं पान बाटवलंस गो!"

"मंदा," आई शांतपणे म्हणाली, "तुझा दादा घोट घेतल्याबिगर जेवत नव्हता. गप ऱ्हा."

ऋतुराजने झाकण फिरवलं... आणि बाटली नयनपुढे धरली. "ओत."

'अहो-जाहो' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"आणि कायदा?"

"विकत घ्यायला पंचवीस, प्यायला पंचवीस. वडिलांना वाढायला किती, ते कुठल्याच राज्याने लिहिलेलं नाही."

तिने बाटली पेल्याला टेकवली. त्याने एका बोटाने पेला धरून ठेवला. बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही न लागल्यासारखं केलं. पेला काठोकाठ भरला.

"काकांना एवढी लागायची?"

"नाही. मला राग आलाय."

ते मागे सरले. कावळा उतरला, पेल्याकडे मान तिरकी करून बघितलं, आणि वडा उचलला. आईने पदर डोळ्यांना लावला. नयनचं मात्र आत्तापर्यंत रागाने अडवलेलं सगळं एकदम वाहून आलं. ऋतुराज उन्हाच्या बाजूला सरकून उभा राहिला, तिच्यावर सावली पडेल असा.

"जेवल्याबिगर जावाचं नाय," आईने त्याला बजावलं. आत्याने त्याच्या पानात खीर वाढली, तीही दोनदा. तोंड वाकडं करून.

निघताना दारात तो बुटाच्या नाड्या बांधत रेंगाळला.

"नयन... काल तू काउंटरवर हात आपटलास ना, तेव्हाच मला—"

"थांब!" तिने तळहात उभा केला. "पितृपक्ष आहे. शुभ काही बोलायचं नाही. उद्या घट बसतायत. उद्या ये."

"म्हणजे शुभ आहे, हे कळलं तर तुला!"

ती लाल झाली. काल रागाने झाली होती, ते लाल वेगळं.

"दुसऱ्या राज्यात जाऊन बोलू का? तिकडे आज चालत असेल."

"हा आमच्या घरचा कायदा आहे," नयन म्हणाली. "सगळ्या राज्यांत सारखाच."

तो हसत जिना उतरला. ती जिन्याच्या कठड्यावरून ओरडली, "आणि सकाळी लवकर ये!"