इंगेरुनच्या किल्ल्या

राजाच्या सावत्र भावाची माणसं बेटावरच्या गढीत शिरली, तेव्हा राणी रॅग्नफ्रिड तान्ह्या मुलाला, गादीच्या वारसाला, छातीशी बांधून मागच्या दाराने गोठलेल्या सरोवरावर उतरली होती. पलीकडे सिगतूना गावाचं चर्च. देवाच्या आसऱ्याला आलेल्यावर तिथे तलवार चालत नसे. तिथे पोचलं की बाळ वाचलं. पण बर्फ हिवाळा संपतानाचा होता, आतून सडलेला.

म्हातारी दासी गिरिद टोकेरी काठीने बर्फ ठोकत पुढे चालली होती. "हलकं पाऊल टाका, राणीसाहेब. गढीवर खाल्लेलं लोणी आज भारी पडेल."

"तू काय कमी चाटलंस?"

भरदुपारी धुकं उतरलं. काठ दिसेना. काठीखाली आवाज पोकळ येऊ लागला. आणि समोरून किणकिण ऐकू आली. किल्ल्यांची.

रॅग्नफ्रिडचा हात कमरेला गेला. घरच्या मालकिणीच्या मानाचा तिचा जुडगा तिथेच होता, वाजू नये म्हणून लोकरीत गुंडाळलेला.

गिरिद थबकली. "थोरल्या राणीसाहेबांच्या आहेत या. इंगेरुनबाईंच्या. त्यांना शवपेटीत ठेवताना मीच बांधल्या कमरेला."

इंगेरुन राजाची पहिली बायको. तिचं एकही मूल जगलं नव्हतं. चर्चमध्ये तिच्या थडग्यावर तिची दगडी मूर्ती निजलेली असे, छातीवर हात जोडून. दर रविवारी तिथून जाताना रॅग्नफ्रिड बाळाचं तोंड शालीने झाकून घ्यायची.

"ती नेईल गं माझ्या पोराला."

"आणि मागे फिरलो तर तुमचे दीर नेतील. बोला, कुठे जायचं?"

मागे बर्फ कडाडला. टाचांशी पाणी आलं.

रॅग्नफ्रिड किणकिणीमागे निघाली. आवाज डावीकडे वळला की त्या वळत. थांबला की थांबत. एकदा थांबल्या, तेव्हा धुकं जरा विरलं. उजवीकडे, हाताच्या अंतरावर, काळं पाणी उघडं पडलं होतं. पुढच्या ताज्या हिमावर मात्र एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

भीती कुठे गेली, तिला कळलं नाही. देवापुढे उभं राहिल्यासारखं मन नमलं होतं.

मग पायाखाली माती लागली.

चर्चमध्ये ती थेट थडग्याशी गेली, गुडघ्यांवर बसली. तिथे पहिल्यांदाच तिने बाळाचं तोंड उघडं केलं.

"ताई, तुमचे उपकार..."

बाळ मूर्तीकडे बघून खुदकन हसलं.

दगडी हात आता जोडलेले नव्हते. कोपरांत वाकून ते सैल पडले होते, आणि त्यांच्यामध्ये एका तान्ह्या बाळापुरती जागा होती.