खंडेनवमीला न उठलेला संगणक

खंडेनवमीच्या दुपारी चौलच्या बर्फ कारखान्यातून तेजस्वीला फोन आला. संगणक उठत नव्हता, आणि त्याच्याशिवाय बर्फाची यंत्रं चालत नव्हती. अलिबागहून ही संगणकवाली तडक निघाली.

कारखाना वर्षभर अखंड चालतो. फक्त खंडेनवमीला सगळं बंद करून, पुसून झेंडू वाहतात. यंदा संगणक तो सांभाळणाऱ्या भाविकाने पुसला होता. मालक काळूराम तिला कामावरून काढायला निघाले होते.

"वल्या फडक्यानं पुसला तिनं. डिस्क जळली," ते म्हणाले.

"फडका घट्ट पिळला व्हता," भाविका म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मी म्हटलं, चालूच ठेवू, वरून फूल वाहू."

"मग बंद कुणी करायला लावला?" तेजस्वीने विचारलं.

"परेशदादांनी. चालत्या यंत्राची पूजा होत न्हाय म्हणाले."

परेश दाराशी उभा होता. पूर्वी संगणक तोच सांभाळायचा. मालकांनी खुर्ची भाविकाला दिल्यापासून तो तिला पाण्यात पाहत होता. पण आज त्याने संगणकाला बोटही लावलं नव्हतं.

तेजस्वीने डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. डिस्क ठणठणीत होती. आतल्या फायली चाळून तिने मान वर केली.

"हा संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो. ती उठताना डिस्क थेट उघडत नाही. आधी एक लहान गाठोडं मेमरीत सोडतं. डिस्क उघडायची चावी त्यात असते. डिस्क उघडली की गाठोड्याचं काम संपलं. या गाठोड्यात चावीच नाही."

"आज काढली?" काळूरामांनी विचारलं.

"नाही. गाठोडं गौरी-गणपतीत नव्याने बांधलंय. चालू संगणकाला त्याची गरज नसते, म्हणून इतके दिवस कळलं नाही. तेव्हा भाविका कुठे होती?"

"माहेरी, थळला," काळूराम म्हणाले.

"पासवर्ड आणखी कुणाकडे?"

काळूराम परेशकडे पाहू लागले.

"बंद केला की अडकणार, हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच तो बंद करून हवा होता," तेजस्वी म्हणाली. "आणि बंद करणारा हात भाविकाचा हवा होता."

परेश दारातून एक पाऊल आत आला.

"मीच शिकवलं तिला," तो म्हणाला. "आणि मालक माझ्यासमोर तिचं कौतुक करतात. जळत व्हतो मी."

तेजस्वीने डिस्क परत बसवली आणि संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतली लिनक्सची जुनी आवृत्ती निवडली. पडद्यावर ओळी धावल्या. थोड्या वेळाने बर्फाच्या यंत्राचा कॉम्प्रेसर घरघरला.

"हा कसा उठला?" काळूरामांनी विचारलं.

"जुन्या आवृत्तीचं गाठोडं वेगळं असतं. त्याला कुणी हात लावला नव्हता."

"ते परेशदादांनी बांधलेलं," भाविका हळूच म्हणाली. "मला शिकवताना."

परेशने मान वर केली नाही. काळूरामांनी हात पुढे करून त्याच्याकडे कारखान्याच्या चाव्या मागितल्या.