पडदा काढायला कुणाची हरकत?

पन्नाशी उलटली की कानामागे स्मरणक बसवून घेणं आता चष्मा लावण्याइतकं साधं झालं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं ते यंत्र मेंदूतल्या विझत चाललेल्या आठवणी पुन्हा चेतवत असे. त्याची प्रणाली कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हती. गावच्या विहिरीसारखा प्रकार होता, पाणी सगळ्यांचं, गाळ काढायला मात्र तेच चौघे. त्या चौघांपैकी एक म्हणजे सोलापूरच्या डॉ. गार्गी उकिडवे.

चौघांची एक रीत होती. काही बदलायचं तर प्रस्ताव जगासमोर मांडायचा आणि महिनाभर थांबायचं. एक जरी हरकत आली तरी प्रस्ताव बारगळे. नाही आली तर मौन म्हणजे संमती. फुकट राबणाऱ्यांना मतदानं घेत बसायला वेळ कुठून असणार?

या वेळचा प्रस्ताव गार्गीबाईंचाच होता: 'पडदा' काढून टाकावा. पडदा ही स्मरणकाची उलटी करामत. नको असलेली आठवण ती झाकून टाकी. वापरणारे अगदी मोजके, पण त्या जुनाट भागापायी दर सुधारणेच्या वेळी भलत्यांचेच स्मरणक अडत. गेल्या खेपेला काही म्हातारी माणसं घरचा रस्ता विसरली होती. महिना संपत आला तरी एकही हरकत आली नव्हती.

शेवटच्या दिवशी दुपारी साताऱ्याहून ऋतुजा धुमाळ गार्गीबाईंच्या ऑफिसात आल्या. नवऱ्याला, प्रथमेशला, त्यांनी खाली कँटीनमध्ये बसवलं होतं.

"हरकत घेणार कोण, मॅडम? ज्याच्या डोक्यात पडदा आहे त्याला तो असल्याचंच ठाऊक नाही."

"हे आमच्याही ध्यानात आलं होतं," गार्गीबाई म्हणाल्या. "पण त्यांना विचारणं म्हणजेच पडदा उघडणं. म्हटलं, घरचं कुणीतरी बोलेल."

"घरची मीच. आमची ओवी सहा वर्षांची होती. प्रथमेश गाडी मागं घेत होता आणि ती अंगणात... वर्षं गेली, दुःख जरा बोथट झालं. मग स्मरणक बसवला आणि त्यानं सगळं पुन्हा धारदार केलं. दोनदा जीव द्यायला निघाला. शेवटी डॉक्टरांनीच पडदा ओढला."

"फक्त त्या दिवसावर?"

"ओढला त्या दिवसावरच. पण तो पसरला."

गार्गीबाईंनी मान हलवली. "आठवण एकटी नसते, ताई. त्या दिवसाला तिचं बारसं जोडलेलं, शाळेचा पहिला दिवस जोडलेला. पडदा धाग्याधाग्यानं पुढे जातो."

"आता ओवी होती हेच त्याला माहीत नाही. फोटो मी माहेरी नेऊन ठेवलेत. पडदा काढला तर काय होईल?"

"सगळं परत येईल. एकदम." गार्गीबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "तुमच्या नावानं हरकत लिहू?"

ऋतुजाताई ओढणीशी चाळा करत राहिल्या.

"मी आलेच नसते तर?"

"संध्याकाळी पडदा गेला असता."

"म्हणजे मी काही न करता त्याला ती आठवली असती. तिच्या वाढदिवसाला मी नळ सोडून बाथरूममध्ये रडते, मॅडम. एकटीला नाही हो पेलवत. वाटतं, एकदा तरी त्यानं माझ्याबरोबर रडावं. आज एसटीत सारखं वाटत होतं, गाडी बंद पडावी, उशीर व्हावा. म्हणजे माझ्याकडे दोष नको."

त्या हरकत नको म्हणाल्या तर कितीतरी म्हाताऱ्यांचं भलं होणार होतं. तरीही गार्गीबाईंना ते बोलून दाखवण्याचा धीर झाला नाही. माणसाच्या जखमेवर असला हिशेब ठेवायचा कसा?

"लिहा," ऋतुजाताई म्हणाल्या. "जगू दे त्याला."

प्रस्ताव बारगळला.

खाली प्रथमेश मजेत चहा पीत होता. "झालं काम?"

"झालं."

"इथल्या कँटीनवालीची पोर बघितलीस? इतका वेळ माझ्याशी भेंड्या लावत होती. पाच-सहा वर्षांची असेल." तो हसला. "आपल्यालाही एखादी असायला हवी होती गं."

"हो ना," ऋतुजाताई म्हणाल्या.