तिसरा सायलेन्सर

माणसाला खरंच ऐकू येत नाही की तो सोंग घेतोय, हे त्याला पापणीवरून कळायचं. बारा वर्षं तो दवाखान्याच्या बंद खोलीत लोकांचे कान तपासत होता. काचेपलीकडे माणूस हेडफोन लावून बसायचा, हा बारीक आवाज सोडायचा, आवाज पोचला की त्यानं बटण दाबायचं. काम टाळायला बहिरा झालेला बटण दाबत नसे. पण पापणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ती हलायचीच. लग्न ठरलं तेव्हा ही गंमत त्यानं सासूबाईंना सांगितली होती. त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या होत्या.

शनिवारी भर दुपारी तो मिस्त्रीच्या गॅरेजात उभा होता. लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, आणि तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवा होता. तोही आजच.

मिस्त्रीनं गाडी चालू करून कान दिला. "दादा, ही गाडी नाही, दूध पिऊन निजलेलं मांजर आहे. मागचा माणूस कुजबुजला तरी पुढं ऐकू येईल. लोक अशी गाडी शोधत फिरतात, आणि तुम्ही तिला बोंबलायला लावताय?"

"ट्रकवाल्यांना ऐकू जावी म्हणून."

"बायकोला विचारलंत का? ती माहेरी जाईल हं."

त्यानं पहिल्या सायलेन्सरकडे बोट केलं. मिस्त्रीला ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी, डोंगरातल्या एका वळणाआधी, मागे बसलेली बायको त्याला तीनदा 'थांब' म्हणाली होती. सकाळच्या भांडणाचा राग अजून त्याच्या मनगटात होता. त्यानं वेगाची मूठ आणखी पिळली. वळणावर खडी सांडलेली होती. तो खरचटण्यावर वाचला. ती वाचली नाही. तिच्या आईनं एवढंच विचारलं, "शेवटी काही बोलली का?" आणि तो बोलून गेला, "गाडीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, आई."

काल सासूबाईंचा फोन आला होता. "रविवारी मला त्या वळणावर न्या. त्याच गाडीवरून. ती बसायची तिथं बसेन मी."

म्हणून सायलेन्सर.

पहिला बसवून त्यानं रस्त्यावर एक चक्कर मारली. मागची सीट रिकामी. चौकापाशी मागून आवाज आला, "थांब." किल्ली विसरून निघालेल्याला दारातून हाक मारावी, तसा.

"कमी आहे," परत येऊन तो म्हणाला.

दुसऱ्यानं गॅरेजचा पत्रा थरथरला, सावलीतली कुत्री उठून गेली. "थांब" मात्र तसंच, स्वच्छ. त्या गोंगाटानं भोवतालची जागा झाडून काढावी आणि मधोमध तिला बसायला पाट मांडावा, तसं. मेंदू जुना आवाज उगाळत बसतो, हे तो रोज चार जणांना समजावून सांगायचा. आता स्वतःला सांगितलं.

"याच्यात काहीच नाही," तिसरा हातात तोलत मिस्त्री म्हणाला. "जाळी नाही, कापूस नाही, नुसती नळी. कान गेले तर माझ्याकडे येऊ नका."

"कानांचं मी बघतो."

तिसऱ्यावर त्यानं स्वतःच ओरडून पाहिलं. स्वतःचा आवाज स्वतःला पोचला नाही. मग मागून ती म्हणाली, "थांब." आवाज चढवलासुद्धा नाही.

असू दे, त्याला वाटलं. सासूबाईंना तर काही ऐकू येणार नाही.

रविवारी सकाळी सासूबाई मागे बसल्या. खांद्यावर त्यांचा हात, पक्षी बसावा इतका हलका. उकडत होतं, म्हणून त्यानं हेल्मेटची काच वर ठेवली. चढ लागला. वळण दिसलं.

थांब. थांब. थांब.

या खेपेला तो थांबला. इंजिन बंद केलं.

सासूबाई उतरल्या. "केवढा आवाज हो. माझा खोकलाही मला ऐकू आला नाही."

"तेच सांगितलं होतं, आई." छातीवरची धोंड सरकली.

"हो." त्या खडीकडे बघत राहिल्या. "आरशात तुमचं तोंड दिसत होतं. वळणाआधी पापणी हलली. तीनदा."

"तुम्हीच थांब म्हणालात ना, म्हणून..."

"मी ओठ उघडले नाहीत." त्यांनी हेल्मेट काढून रिकाम्या सीटवर ठेवलं. "थांब म्हणाली होती का ती?"

त्यानं मान खाली घातली.

सायलेन्सर निवत होता, टिक टिक वाजत होता. मग तेही थांबलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

सासूबाई सीटकडे तोंड करून उभ्या होत्या.

त्याला काही ऐकू आलं नाही. या वेळी खरंच.

सासूबाईंची पापणी हलली. जरा वेळानं पुन्हा. मग लेकीचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घ्यावं, तशी त्यांनी हळूच मान डोलावली आणि वर त्याच्याकडे पाहिलं.